गार्डाचा झरोका

बाबांनी माझ्या हातातली पितळेची पट्टी काढून घेतली, तिच्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "यात एक फळी कमी आहे."

"कमी कशी असेल, बाबा? संचात आली तशीच आहे."

"आपल्या डब्याला खिडकीखाली सहा फळ्या होत्या. सहा फळ्यांमध्ये पाच खाचा हव्यात. इथे चारच हाताला लागतात."

मी भिंग घेऊन पाहिले. खाचा चारच होत्या. ज्या कुणी हौशी माणसाने इंग्लंडमध्ये बसून आमच्या छोट्या गाडीच्या डब्याचा हा संच बनवला होता, त्याची एक फळी चुकली होती आणि बाबांनी ती चूक अंगठ्याने पकडली होती.

"मी एक खाच कोरून घेते," मी म्हणाले.

"घे. साहेब लोक फळ्या मोजत नाहीत. पण आपण मोजाव्यात."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "त्या दिवशी माणसं मोजली असती तर आज फळ्या मोजाव्या लागल्या नसत्या."

बाबांनी पट्टी टेबलावर ठेवली आणि ते उठून व्हरांड्यात जाऊन बसले. त्या दिवसांत आमच्या घरातले बोलणे बहुधा असेच संपायचे.

बाबा गार्ड होते. जंक्शनहून टाकळघाटला जाणाऱ्या छोट्या गाडीवर त्यांची निम्मी नोकरी गेली. त्या वाटेवर बेलदरी नावाचा थांबा होता. तिथे रूळ वळण घेत आणि फलाट म्हणून मुरमाची एक बुटकी पट्टी होती. फेब्रुवारीत तिथे केराबाई लवटे ही पत्रावळ्या विकणारी बाई गाडीखाली सापडून गेली. ती उतरली होती, पण तिचे गाठोडे गार्डाच्या पुढच्या डब्यात राहिले होते. ते ओढण्यासाठी ती दाराच्या दांडीला धरून पुन्हा पायरीवर चढत होती, तेवढ्यात गाडी सुटली. गाडी सुटली ती बाबांनी हिरवी झेंडी दाखवल्यामुळे.

बाबांचा जबाब एका वाक्याचा होता: मी झरोक्यातून पाहिले, दार मोकळे होते, मग मी झेंडी दाखवली. गार्डाच्या कप्प्याच्या भिंतीबाहेर एक चिंचोळी पेटी आलेली असे. तिला दोन्ही अंगांना खिडक्या. डोके बाहेर न काढता गार्डाला त्यातून पूर्ण गाडीची कड दिसे. तिला आमच्या घरात सगळे झरोका म्हणत.

त्या बाईला दाराशी लोंबकळताना फलाटावरच्या चार माणसांनी पाहिले होते. तेव्हा हा जबाब कोणालाच खरा वाटत नव्हता. आईला वाटत नव्हता. खरे सांगायचे तर मलाही वाटत नव्हता. बाबा तंबाखू मळत असतील, कागद भरत असतील, नजर दुसरीकडे असेल, आणि हात सवयीने उठला असेल, असे आम्ही दोघींनी आपापल्या मनाशी ठरवून टाकले होते. निवृत्तीला तीन वर्षे उरली होती. चौकशीत दोष ठरला असता तर नोकरी गेली असती, क्वार्टर गेले असते, आणि बाबांनी आयुष्यभर सांभाळलेले नाव त्याच्याही आधी गेले असते.

बाबांच्या बाजूने बोलायला भिंगार्डे होते. हेड क्लार्क म्हणून निवृत्त झालेले, चौकशीत अडकलेल्या लोकांची बाजू मांडण्यात हयात गेलेले. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले, "कोठावळेसाहेब, पाहिलं असं म्हणू नका. पाहिलं म्हटलं की आपण संपलो. त्या वळणावर ते दार झरोक्यातून दिसणं शक्यच नव्हतं, असं म्हणू या. मग दोष जागेचा. माणसाचा नाही."

"पण मी पाहिलं," बाबा म्हणाले.

"वळण पाहिलं असेल. दार पाहिलं असं वाटलं असेल."

"दार पाहिलं. मोकळं होतं."

भिंगार्डे माझ्याकडे वळले. "ताई, तुम्ही तंत्रनिकेतनात नकाशे काढायला शिकवता ना?"

"हो. पण नकाशा काढायचा तर मी आजच—"

"नकाशा नको. साहेबांना नकाशा दाखवला की ते चष्मा पुसत बसतात. खेळणं दाखवलं की खुर्चीतून उठतात. मला डबा हवा. टेबलावर ठेवता येईल असा."

खरा डबा दाखवण्याची सोय उरली नव्हती. अपघातानंतर काही महिन्यांतच ती शाखा बंद झाली, रूळ उखडले आणि डबे भंगारात गेले. आमच्या तंत्रनिकेतनातले नाडकर्णी सर छोट्या आगगाड्यांचे वेडे होते. त्यांच्या कपाटात नेमक्या त्याच जातीच्या डब्याचा संच न उघडता पडून होता. त्यांनी तो काढून दिला आणि म्हणाले, "मी निवृत्तीनंतर करणार होतो. तू आधी कर. मापं चोख आहेत, त्याची काळजी नको."

मापे चोख आहेत, याचाच मला आधार वाटला.

कागदासारख्या पातळ पितळी पत्र्यावर डब्याच्या भिंती कोरलेल्या होत्या. त्या कापून सोडवायच्या, रेघेवर दुमडायच्या, कोपरे कथलाच्या डाखाने जोडायचे. पहिल्या दिवशी माझी दोन बोटे भाजली. डाखाचे ओघळ खरवडायचे, मग सगळे लिंबाने आणि दात घासायच्या जुन्या ब्रशाने लखलखीत करायचे, कारण पितळेवर तेलकट बोट लागले तरी रंग धरत नाही. आई सालपटे माझ्यापुढे सरकवत म्हणाली, "माझ्या पितळी डब्यांना कधी एवढं घासलं नाहीस."

बाबा रोज समोर बसत. मी एकेक भाग त्यांच्या हातात देई. दांड्या कुठे, पायरीचा कोन किती, आतल्या बाकांची पाठ कशी, सगळे ते बोटांनी चाचपून सांगत. लाकडी बाके त्यांनीच रांगेने लावून दिली. त्या तीन आठवड्यांत ते जेवढे बोलले तेवढे अपघातापासून बोलले नव्हते. मात्र डबा जसजसा उभा राहत गेला तसतशी मला त्याची भीती वाटू लागली. मी जे बांधत होते ते बाबांना सोडवणार होते की बुडवणार होते, हे मला माहीत नव्हते.

सुनावणी सोमवारची होती. शनिवारी दुपारी भिंगार्डे आले तेव्हा डबा रंगवून झाला होता, फक्त छप्पर आणि काचा बाकी होत्या. मी पुठ्ठ्यावर बेलदरीचे वळण जुन्या नकाशावरून त्याच प्रमाणात काढले होते. त्यावर आमचा डबा ठेवला. त्याच्या पुढे त्याच मापाचा लाकडी ठोकळा, म्हणजे पुढचा डबा. ठोकळ्यावर ते दार रंगवलेले. झरोका शिशासारख्या मऊ धातूचा एक वेगळा तुकडा होता. तो मी मेणाने तात्पुरता चिकटवला आणि त्याच्या खिडकीतून दोरा घेऊन दारापर्यंत ताणला.

दोरा सरळ गेला. तो कशालाही लागला नाही.

भिंगार्ड्यांनी वाकून एक डोळा मिटला. "पुन्हा लावा."

मी पुन्हा लावला. पुन्हा तसाच सरळ.

"कितीने दिसतंय?" त्यांनी आवाज खाली आणला. बाबा व्हरांड्यात होते.

"झरोका दोन मिलिमीटर कमी बाहेर असता, तर दोरा भिंतीला लागला असता. दार दिसलं नसतं."

"मग असू दे ना कमी."

"म्हणजे?"

"कानस आहे ना घरात? मऊ धातू आहे." ते उठले आणि टोपी घालू लागले. "ताई, खऱ्या डब्याच्या आता पळ्या आणि घमेली झाली असतील. मोजायला कोण जाणार आहे?"

ते गेल्यावर आई माझ्याजवळ येऊन उभी राहिली. ती माझ्याकडे न बघता ठोकळ्याकडे बघत होती.

"मी लवट्यांच्या घरी जाऊन आले होते," ती म्हणाली. "तुला सांगितलं नव्हतं. तिच्या मुलाने मला चहा दिला. मला वाटलं होतं शिव्या देईल." तिने ठोकळा बोटाने सरळ केला. "तरीपण सांगते. घास. त्यांनी पाहिलं नसेल, माणूस आहे, झालं असेल. पण त्यापायी त्यांना रस्त्यावर बसलेलं मला बघवणार नाही."

मी झरोका मेणातून काढून बाजूला ठेवला. त्याला हात लावण्याआधी मला उरलेले काम संपवायचे होते. निदान मी मनाला तसे सांगितले. खिडक्यांना पारदर्शक प्लास्टिकच्या काचा लावल्या. घाईत हळू वाळणारा गोंद न वापरता झटपट चिकटणारा वापरला आणि लगेच वरून छप्पर बसवून टाकले.

रविवारी सकाळी मी खोके उघडले तेव्हा डब्याच्या सगळ्या काचा पांढऱ्या झाल्या होत्या. त्या गोंदाची वाफ निघते, ती बंद जागेत कोंडली की प्लास्टिकवर बसते आणि ते दुधी होते. हे मला नंतर नाडकर्णी सरांनी सांगितले. त्या सकाळी मला एवढेच दिसत होते की छप्पर उचकटले तर भिंती वाकतील आणि उद्या सुनावणी आहे. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांसारख्या त्या खिडक्या होत्या. बाजूला झरोका पडला होता. त्याच्या बाजूला कानस. मी डोके धरून बसले.

बाबा आंघोळ करून, चहाचा कप घेऊन आले. नेहमीसारखे समोर बसले. कप ठेवण्याआधी त्यांनी टेबलाची कड करंगळीने शोधली. मग डबा उचलला, खिडकीच्या उजेडाकडे वळले आणि तो चेहऱ्याजवळ धरला.

"काचा छान बसल्यात, विनू," ते म्हणाले. "अगदी स्वच्छ. आतली बाकंसुद्धा दिसतात."

ते माझी समजूत काढताहेत असे मला क्षणभर वाटले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. तिथे समजूत काढल्याचे काहीही नव्हते. काम नीट झाल्यावर माणूस समाधानाने बघतो, तसे ते बघत होते.

"बाबा," मी म्हणाले, "काचा पांढऱ्या झाल्यात. आतलं काहीही दिसत नाही."

त्यांनी डबा खाली केला नाही. फक्त त्यांचा अंगठा एका खिडकीवरून हळूहळू फिरला.

"सगळ्या?"

"सगळ्या."

बाहेर यार्डात कुठेतरी डबे एकमेकांवर आपटत होते. बाबांनी डबा चाकांवर अलगद ठेवला.

"कधीपासून?" मी विचारले.

"दोन दिवाळ्या झाल्या."

"डॉक्टरांना दाखवलं?"

"परगावी जाऊन दाखवलं. इथे दाखवलं असतं तर लगेच कळलं असतं. डोळ्याच्या मागचा पडदा म्हणाले. मधला भाग गेलाय. त्यावर इलाज नाही."

"म्हणजे तुम्हाला दिसत नाही?"

"दिसतं ना. तू दिसतेस, दार दिसतं, तुझ्यामागचं कॅलेंडर दिसतं. ज्याच्याकडे बघावं तेवढंच जातं." ते अगदी शांतपणे सांगत होते, जणू गाडीचे वेळापत्रक सांगावे. "आणि गेलेलं कळत नाही, हीच त्यातली गोम आहे. काळं दिसत नाही, भोक दिसत नाही. आजूबाजूला जे असेल तेच तिथे पसरल्यासारखं वाटतं. भिंत असली तर भिंत. मोकळा फलाट असला तर मोकळा फलाट."

"आणि नोकरीतली डोळ्यांची तपासणी?"

"तक्त्यावरची अक्षरं पाठ होती. रांगेत पुढचा माणूस मोठ्याने वाचतो. ऐकून ऐकून पाठ होतात."

मला पुढचा प्रश्न विचारायचा नव्हता. बाबांनी तो न विचारताच उत्तर दिले.

"मी पाहिलं, विनू. तुम्ही दोघी समजता तसं नाही. मन लावून पाहिलं. त्या वळणावर मी नेहमीच जास्त वेळ बघायचो. दार मोकळं होतं."

दाराशी आई उभी होती. हाताला कणीक तशीच. किती ऐकले होते कोण जाणे, पण पुरेसे ऐकले होते.

"म्हणून पानात चटणी कुठे वाढलीय ते विचारायचात," ती म्हणाली. "मी म्हणायचे, लक्ष कुठे असतं तुमचं." मग तिने चौकटीला टेकून डोळे मिटले. "अहो, मी तुम्हाला काय काय बोलले."

"तू बरोबरच बोललीस. माणसं मोजायलाच हवी होती."

मग बाबांनी हात पुढे करून टेबल चाचपले. झरोका सापडला, तो त्यांनी चिमटीत धरला.

"भिंगार्डे हे घासायला सांगून गेला ना? मला व्हरांड्यात ऐकू येतं. कान शाबूत आहेत."

"हो."

"मग घास."

"घासलं तर तुम्ही सुटाल, बाबा."

"त्यासाठीच घास म्हणतोय."

"सुटलात तर पुन्हा झेंडी हातात देतील."

त्यांनी झरोका मुठीत घेतला. मग म्हणाले, "छोटी लाईन बंद झाली. आता मोठ्या गाडीवर देतील."

"मोठ्या गाडीला डबे जास्त असतात."

"मला शिकवू नकोस," ते एकदम म्हणाले, आणि त्यांचा आवाज फुटला. "मग काय करू मी? सांग ना. निष्काळजी ठरलो तर तो एका दिवसाचा दोष. एकदा नजर हलली, चुकलं, लोक विसरतील. हे कबूल केलं तर तो दोन वर्षांचा दोष. दोन वर्षं रोज मी माहीत असून गाडीवर चढलो. रोज. त्या बाईच्या मुलाला काय सांगू? तुझ्या आईकडे मी नीट बघत होतो आणि ती मला दिसली नाही, असं सांगू?"

आई पुढे आली आणि तिने कणकेच्याच हाताने त्यांचा खांदा धरला. आदल्या दिवशी मला घास म्हणणारी आई आता गप्प होती, आणि त्या गप्प राहण्याने मला अधिकच असहाय वाटले. एका बाजूला बाबा होते. दुसऱ्या बाजूला कुठल्या तरी स्टेशनावर, कुठल्या तरी डब्याच्या दाराशी, गाठोडे ओढणारी एखादी बाई होती, जिचे नाव आम्हाला कधीच कळणार नव्हते.

मी कानस उचलून बाबांच्या तळहातावर ठेवली.

"मी नाही घासणार. मऊ आहे, हाताला अंदाज येईल. घासायचं असेल तर तुम्ही घासा."

ते उठून उभे राहिले. मग झरोका आणि कानस घेऊन मागच्या अंगणात गेले.

आम्ही दोघी स्वयंपाकघरात राहिलो. आईने पोळ्या लाटल्या, कोणी खाणार नाही हे माहीत असताना. शेजारच्या क्वार्टरमध्ये रेडिओ लागला होता, त्यातूनही आम्ही कानशीचा आवाज ऐकू येतो का याचा कानोसा घेत होतो. एकदा काहीतरी घासल्यासारखा आवाज आला. आईने लाटणे थांबवले. आवाज थांबला. तो कानशीचा होता, की बाबांची खुर्ची फरशीवर सरकली होती, हे आम्हाला कळले नाही आणि आम्ही एकमेकींना विचारलेही नाही.

उन्हे उतरल्यावर बाबा आत आले. "गोंद लाव," ते म्हणाले. मी भिंतीच्या खाचेला गोंद लावला. त्यांनी झरोका अंगठ्याखाली धरून खाचेवर आणला, बोटांनी कडा जुळवल्या आणि दाबून धरला. अंगठा काढल्यावर मला दोरा लावून बघता आला असता. मोजपट्टीही समोर होती. मी डबा खोक्यात ठेवला आणि झाकण लावले. ते कळून घेण्याचे धैर्य मला झाले नाही.

सुनावणी जंक्शनच्या कचेरीत वरच्या मजल्यावर होती. चौकशी अधिकारी चाळिशीचे होते. सर्दी झालेली, रुमाल हातात. त्यांनी डबा पाहिला आणि भिंगार्डे म्हणाले होते तसे ते खरेच खुर्चीतून उठले.

"हे तुम्ही केलं?"

"हो."

"सुंदर आहे. काचा अशा का?"

"गोंदाची वाफ बसली. चूक झाली माझी."

"असू दे. काचांचा इथे प्रश्न नाही."

मी पुठ्ठ्यावर डबा आणि ठोकळा मांडला. भिंगार्डे घसा साफ करून उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर पूर्ण भरवसा होता. मी काय केले असेल याबद्दल त्यांना शंकाच नव्हती. "साहेब, म्हणणं इतकंच आहे, की त्या वळणावर झरोक्यातून पुढच्या डब्याचं दार दिसणं शक्य नव्हतं. आपण स्वतः खात्री करावी."

मी दोरा झरोक्याच्या खिडकीतून घातला. साहेबांनीच दुसरे टोक घेतले आणि दारापर्यंत ताणले.

दोरा सरळ गेला. तो कशालाही लागला नाही.

बाबांनी घासले नव्हते.

"दिसतं की," साहेब म्हणाले. वाकून त्यांनी पुन्हा पाहिले. "चांगलं स्वच्छ दिसतं."

भिंगार्ड्यांनी माझ्याकडे पाहिले. ती नजर मी अजून विसरलेले नाही. ते घाईने म्हणाले, "साहेब, नमुना आहे शेवटी. थोडा फरक—"

"नमुना तुमचा आहे, भिंगार्डे." साहेबांनी खिशातून काडेपेटी काढली. एक काडी मेणाच्या गोळीत रोवून ठोकळ्याच्या दारासमोर उभी केली. लाल गुल वर. "कोठावळे, इकडे या. तुमचा जबाब आहे, तुम्ही पाहिलं आणि दार मोकळं होतं. चार साक्षीदार म्हणतात, बाई दाराशी होती. इथून बघा आणि सांगा, दाराशी उभं असलेलं माणूस नजरेतून सुटेल का?"

बाबा टेबलापाशी गेले. त्यांनी चष्मा सारखा केला, गुडघे वाकवले आणि डोळा झरोक्याच्या रेषेत आणला. मला माहीत होते की त्यांनी मान थोडी कलती केली असती, नजर बाजूला टाकली असती, तर ती काडी त्यांना दिसली असती. ते त्यांनाही माहीत होते. त्यांनी मान कलती केली नाही. ते सरळ दाराकडे बघत राहिले.

"दार मोकळं आहे, साहेब."

खोलीत कारकुनाचा टाइपरायटर थांबला.

"नीट बघा," साहेब म्हणाले. "समोर काडी आहे."

"असेल. मला दार मोकळं दिसतं. त्या दिवशीही असंच दिसलं होतं." ते गुडघ्यांवर हात रोवून उठले. "ज्याच्याकडे बघतो, तेवढंच मला दिसत नाही. दोन वर्षं झाली. तपासणीच्या तक्त्याची अक्षरं मला पाठ होती."

भिंगार्डे खाली बसले. साहेबांनी रुमाल टेबलावर ठेवला आणि कितीतरी वेळ बाबांकडे पाहिले. मग त्यांनी त्या काडीकडे पाहिले. त्यांच्या आवाजातली सर्दी आणि सरकारी सूर दोन्ही गेल्यासारखे झाले.

"कोठावळे, हे मी लिहून घेतलं तर काय होईल, तुम्हाला कळतंय ना? यातून मला तुम्हाला वाचवता येणार नाही."

"लिहा, साहेब."

"तुम्ही हवं तर बाहेर जाऊन भिंगार्ड्यांशी बोला. मी थांबतो."

"नको. आणखी एक लिहा. मी पाहत होतो हेही लिहा. बाईच्या मुलाला प्रत मिळणार असेल, तर त्यात ते असू दे."

साहेबांनी कारकुनाला खूण केली. टाइपरायटर पुन्हा सुरू झाला. तो हळू चालत होता, एकेक अक्षर शोधत असल्यासारखा. पुढे दीड महिन्याने बाबांना नोकरीतून काढल्याचा हुकूम आला आणि आम्ही क्वार्टर सोडले. पण ते सगळे त्या खोलीतच ठरून गेले होते.

सही करताना त्यांनी मला जवळ बोलावले. "रेघ कुठे आहे?" त्यांनी विचारले, सगळ्यांसमोर, आवाज न लपवता. मी त्यांचे बोट रेघेवर नेऊन ठेवले.

बाहेर जिन्याच्या तोंडाशी मी डब्याचे खोके दोन्ही हातांनी छातीशी धरून उभी राहिले. बाबा मागून आले. इतकी वर्षे ते या कचेरीचा जिना कठड्याला स्पर्शही न करता उतरत आले होते. माणसे बघत असत, आणि गार्डाने कठडा धरायचा नसतो. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि माझ्या खांद्यावर हात टाकला. त्या हाताचा सगळा भार माझ्यावर आला.

"हळू चल," ते म्हणाले. "आणि पायरी आली की सांग."